पाणी कुठे मुरते?

माझ्या टेबलाच्या खणात वीतभर लांबीचा एक काळा केबलचा तुकडा आहे. वरचे प्लॅस्टिकचे आवरण मी चाकूने उभे चिरले असल्यामुळे आतली तांब्याची जाळी दिसते. तांब्याची म्हणायची इतकेच. रंग तिचा हिरवट काळा आहे आणि बोटाने चोळले तर भुकटी सुटते. दिवाळीच्या साफसफाईत हा तुकडा दरवर्षी केराच्या टोपलीपर्यंत जातो आणि दरवर्षी मी तो परत आणतो. या तुकड्याने मला एकदा चांगलेच खजील केले आहे, आणि त्याच्यासारख्याच एका तारेने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी दोन खंडांतल्या विद्वानांना खजील केले होते. या दोन्ही गोष्टी मला एकाच पावसाळ्यात कळल्या, म्हणून त्या एकत्रच सांगतो.

मला बिनतारी संदेशांचा नाद आहे. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना आणि स्वतःचे नामचिन्ह मिळवायचे, घरात लहानसे प्रक्षेपणयंत्र मांडायचे आणि जगभरच्या आपल्यासारख्याच वेड्यांशी बोलायचे, असा हा छंद. या मंडळींना 'हॅम' म्हणतात. आपल्या देशात १९२१ सालापासून असे लोक आहेत. आता खिशाखिशांत टेलिफोन आल्यावर या उपद्व्यापाचे काय प्रयोजन, असे कोणी विचारले तर मी उत्तर देत नाही. पेटीवर सूर धरणाऱ्याला बाजारात गाण्याच्या तबकड्या मिळतात हे माहीत असतेच की!

पुण्यात माझ्या घराच्या गच्चीवर दोन बांबूंमध्ये ताणलेली तार, ही माझी एरियल. तिच्यापासून खाली माझ्या खोलीपर्यंत पस्तीस मीटर केबल. आणि त्या केबलच्या जोरावर रोज पहाटे सहा वाजता माझी कोकणातल्या एका निवृत्त शिक्षकांशी गाठ पडे. मी त्यांना मास्तर म्हणत असे. वयाने ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. पत्नी गेलेली, मुलगा परदेशी. आंब्याला मोहोर किती आला, विहिरीचे पाणी किती खाली गेले, आदल्या रात्री कोणता तारा दिसला, इतक्याच आमच्या गप्पा. शेवटी ते माझ्या आवाजाला गुण देत. आमच्यात स्पष्टतेला पाचपैकी आणि जोराला नऊपैकी गुण देण्याची रीत आहे. मास्तर शाळेतल्यासारखेच काटेकोर. "पाच-आठ. एक गुण राखून ठेवलाय," असे म्हणून हसत.

१९९५ च्या पावसाळ्यात हे गुण उतरू लागले. पाच-आठचे चार-सहा झाले. पुढच्या पावसाळ्यात तर "काय म्हणालात? पुन्हा सांगा" हेच अधिक. मी त्यांना पूर्वीइतकाच स्वच्छ ऐकत होतो. त्यामुळे माझ्या मनाने लगेच निकाल दिला: मास्तरांचे कान गेले. सूर्यावरचे डाग त्या सुमारास कमी झाले होते. ते अकरा वर्षांच्या फेऱ्याने कमीजास्त होतात, आणि ते कमी झाले की आकाशातून परतणाऱ्या लघुलहरींवर परिणाम होतो. दूरच्या इतर मित्रांची कुरकूर मी त्या डागांच्या खात्यावर लिहून टाकली. माझ्या यंत्राची शंकाही आली नाही, कारण माझ्यापाशी पुरावा होता.

प्रक्षेपक आणि केबल यांच्यामध्ये आम्ही एक मापकयंत्र बसवतो. एरियलकडे पाठवलेल्या शक्तीपैकी किती शक्ती न स्वीकारली जाता परत फिरली, हे त्याची सुई सांगते. सगळी स्वीकारली गेली तर सुई १ वर, थोडी परतली तर दीडवर, दोनवर. एरियल नवी होती तेव्हा ही सुई १.६ दाखवी. पुढे काहीही न करता ती आपोआप सुधारत १.२ पेक्षाही खाली आली. आलेल्या-गेलेल्याला मी ती सुई कौतुकाने दाखवत असे. 'तार आता मुरली,' असे म्हणत असे. लोणच्याबद्दल बोलावे तसे!

मी तीन गोष्टी केल्या. माइकची कळ फिरवून मोठ्याने बोलू लागलो. अधिक शक्तीचे यंत्र बांधण्यासाठी जुन्या बाजारातून सुटे भाग जमवू लागलो. आणि एका पहाटे मास्तरांना म्हणालो, "मास्तर, एकदा कान तपासून घ्या." पलीकडे थोडा वेळ नुसती खरखर होती. मग ते म्हणाले, "बघतो." श्रावणात त्यांचा आवाज येईनासा झाला.

त्याच दिवसांत आमच्या भागातल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेसाठी मी समुद्राखालून जाणाऱ्या तारांच्या इतिहासावर बोलण्याचे कबूल केले होते. त्यासाठी रात्री वाचन चाले. त्या वाचनात मला प्रथम जो माणूस भेटला तो चारचौघांसारखा, हुशार आणि आत्मविश्वासाने भरलेला होता. त्याचे नाव वाइल्डमन व्हाइटहाउस.

हा इंग्लंडमधल्या ब्रायटन गावचा शल्यवैद्य. विजेचे प्रयोग हा त्याचा छंद. १८५६ साली अमेरिकन व्यापारी सायरस फील्ड याच्या खटपटीने अटलांटिक महासागराच्या तळाशी तार टाकण्यासाठी साडेतीन लाख पौंड भांडवलाची कंपनी निघाली आणि व्हाइटहाउस तिचा विद्युत्-प्रमुख झाला. कंपनीच्या संचालकांत ग्लासगोच्या विद्यापीठातला एक तरुण प्राध्यापकही होता. विल्यम थॉमसन. पुढे जग त्याला लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखू लागले.

तार कशी असावी यावर दोघांचे मुळातच पटेना. मधोमध तांब्याच्या सात तारांचा पीळ, त्यावर गटापर्चा नावाच्या मलायातल्या झाडाच्या चिकाचे आवरण, आणि बाहेर लोखंडी तारांचे चिलखत, असा हा दोर. वरवर पाहता ही एक साधी नळी. एका टोकाने वीज ओतली की दुसऱ्या टोकाने बाहेर पडावी. पण फॅरेडेने दाखवून दिले होते की समुद्रातली अशी तार नळीसारखी वागत नाही. आत तांबे, बाहेर खारे पाणी, मध्ये गटापर्चा. म्हणजे ती विजेची साठवण करणारी एक लांबच लांब बरणीच. पाठवलेला प्रत्येक ठोका आधी बरणी भरतो आणि मग रेंगाळत पलीकडे पोचतो. थॉमसनने १८५४-५५ च्या सुमारास त्याचे गणित मांडले: लांबी दुप्पट केली तर हे रेंगाळणे चौपट होते. उपाय काय? तांबे अधिक जाड आणि शुद्ध घ्या, आवरण जाड करा, आणि पलीकडे अगदी मंद प्रवाह ओळखणारे नाजूक यंत्र ठेवा.

व्हाइटहाउसला हे गणित म्हणजे शाळेच्या फळ्यावरची कल्पनासृष्टी वाटली. त्याचा उपाय रोकडा होता. पलीकडे ऐकू येत नाही? मग जोरात हाका मारा! पाच-पाच फूट लांबीची प्रचंड वेटोळी घेऊन तो सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब तारेवर देई.

तार टाकण्याची पहिली खटपट १८५७ साली फसली. १८५८ च्या जुलैअखेर 'अगॅमेम्नॉन' आणि 'नायगारा' या दोन बोटी भर समुद्रात भेटल्या, आपापल्या पोटातल्या तारांची टोके त्यांनी जोडली आणि दोन दिशांना निघाल्या. व्हाइटहाउसने प्रकृतीचे कारण सांगून किनाऱ्यावरच राहणे पसंत केले; थॉमसन मात्र पगार न घेता बोटीवर गेला. ५ ऑगस्ट १८५८ रोजी तारेची दोन्ही टोके किनाऱ्याला लागली. एक आयर्लंडमधल्या व्हॅलेंशियाला, दुसरे उत्तर अमेरिकेजवळच्या न्यूफाउंडलंड बेटावर. न्यूयॉर्कमध्ये जी आतषबाजी झाली तिच्यात तिथल्या नगरभवनाच्या घुमटालाच आग लागली. उत्साहाला कुठे थांबावे हे कळत नाही, हे आपण दिवाळी साजरी करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

पण तार जवळजवळ मुकी होती. राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठवलेल्या संदेशात शब्द शंभरही नव्हते. ते पलीकडे जायला सुमारे सोळा तास लागले! व्हाइटहाउसच्या राक्षसी वेटोळ्यांतून निघालेला संदेश पलीकडे समजेना. शब्द हाती लागत ते थॉमसनच्या यंत्रामुळे. ते यंत्र म्हणजे काय? नखाएवढा आरसा, त्याच्या पाठीला चिकटवलेली इवलीशी चुंबकपट्टी, रेशमाच्या धाग्याने टांगलेली. प्रवाह आला की आरसा किंचित वळे आणि त्याच्यावरून परावर्तित झालेला दिव्याचा ठिपका भिंतीवरच्या पट्टीवर डावी-उजवीकडे सरके. आणि व्हाइटहाउसने काय करावे? या आरशाने वाचलेला संदेश तो आपल्या स्वतःच्या यंत्रावर पुन्हा उमटवून घेई आणि कंपनीला कळवी की माझे यंत्र उत्तम चालले आहे.

हे वाचले त्या रात्री मी पुस्तक मिटून जरा वेळ गप्प बसलो. का, ते मला तेव्हा नीटसे कळले नाही.

त्या तारेचे आयुष्य तीनच आठवड्यांचे ठरले. अखेरच्या दिवसांत तिच्यावरून एक असा हुकूम गेला की ज्याचा धागा आपल्या देशाशी जुळतो. १८५७ च्या उठावामुळे इंग्रज सरकारने कॅनडातल्या दोन पलटणी माघारी बोलावल्या होत्या. एव्हाना त्यांची गरज उरली नव्हती. 'निघू नका' हा निरोप तारेने वेळेवर पोचला आणि सरकारचे सुमारे पन्नास हजार पौंड वाचले. सप्टेंबर उजाडताच तार कायमची मुकी झाली.

सगळा दोष व्हाइटहाउसच्या माथी मारणे सोपे होते आणि तसे झालेही. कंपनीने त्याला ऑगस्टमध्येच काढून टाकले होते. परंतु सरकारने आणि कंपनीने मिळून जी चौकशी समिती नेमली तिच्या अहवालात, १८६१ साली, चित्र इतके सोपे उरले नाही. तार घाईने बनवलेली होती. कुठे तांबे मधोमध नसून आवरणाच्या एका कडेला सरकलेले. कित्येक महिने ती उन्हात उघडी पडून गटापर्चा मऊ झालेला. आवरणाची बारीक भोके मुळातच होती. दोन हजार व्होल्टच्या दाबाने ती मोठी झाली. म्हणजे तार जिथे दुबळी होती तिथे मोजमाप करून शोध घ्यायचा, त्याऐवजी दाब वाढवला आणि दुबळी जागा फोडली.

मोजमाप करायचे म्हणावे तरी कशाने? तेव्हा विजेच्या रोधाचे सर्वमान्य मापच नव्हते. एकाची तार दुसऱ्याच्या तारेहून चांगली की वाईट, हे सांगायला शेर आणि मापटे असे काही ठरलेले नव्हते. १८६१ साली ब्रिटिश असोसिएशनने थॉमसनच्या पुढाकाराने ही मापे ठरवण्यासाठी समिती नेमली. आज वीजदुरुस्तीवाल्या पोराच्या तोंडी असलेला 'ओहम' हा शब्द त्या काळच्या खटाटोपातून वापरात आला. बुडालेल्या तारेचे पैसे अगदीच पाण्यात गेले नाहीत म्हणायचे.

पुढची कथा वेगळ्याच शिस्तीची आहे. १८६५ साली 'ग्रेट ईस्टर्न' ही तेव्हाची सर्वांत प्रचंड आगबोट नवी, जाड तार घेऊन निघाली. तार समुद्रात सोडली जात असताना तिची मोजणी सतत चाले. निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मोजणीत खोट दिसली. बोट थांबवली, सोडलेली तार कित्येक मैल परत ओढून घेतली, आणि सापडले काय? आवरणातून आरपार शिरलेला, दोनएक इंच लांबीचा लोखंडी तारेचा तुकडा! एवढ्याशा काट्याने अख्खा महासागर अडला होता. ती तार पुढे तुटली, पण १८६६ साली दुसरी तार सुखरूप टाकून झाली आणि तुटलेलीचे टोक समुद्रतळातून आकड्याने वर काढून तीही पुरी करण्यात आली.

आता अटलांटिकच्या तळाशी दोन चांगल्या तारा होत्या. त्या सप्टेंबरात लॅटिमर क्लार्क या अभियंत्याने अमेरिकेकडची दोन्ही टोके एकमेकांना जोडायला लावली. म्हणजे आयर्लंडहून निघालेला प्रवाह महासागर ओलांडून पलीकडे जाणार आणि दुसऱ्या तारेने परत येणार. एकूण वाट जवळजवळ पावणेचार हजार मैलांची. मग त्याने तिथल्या जमीनदाराच्या मुलीकडून शिवणकामाचे चांदीचे अंगुस्तान मागून घेतले, त्यात जस्ताचा एक कपटा आणि थेंबभर आम्ल टाकले आणि ती त्याची बॅटरी! भिंतीवरचा प्रकाशाचा ठिपका हलला. जिथे दोन हजार व्होल्ट हरले होते तिथे अंगुस्तानभर वीज महासागर दोनदा ओलांडून आली.

हीच 'ग्रेट ईस्टर्न' १८७० च्या आरंभी मुंबई बंदरात आली होती. उन्हाने पोटातल्या तारेचा गटापर्चा मऊ होऊ नये म्हणून तिला पांढरा रंग दिला होता. १८५८ ची शिकवण विसरली गेली नव्हती. फेब्रुवारीत तिने मुंबईहून एडनपर्यंत तार टाकली आणि त्याच वर्षी मुंबई समुद्राखालून थेट लंडनला जोडली गेली.

व्याख्यान गणपतीत झाले, टाळ्या पडल्या, आणि घरी येऊन मी प्रक्षेपकासमोर बसलो. सुई १.२ च्या खाली, आज्ञाधारक. बाजूला अधिक शक्तीच्या यंत्राचे सुटे भाग ढिगाने पडलेले. त्या ढिगाकडे पाहता पाहता माझ्या लक्षात आले की पुस्तक मिटून मी त्या रात्री गप्प का झालो होतो. व्हाइटहाउस माझ्याच खुर्चीत बसला होता. हाक ऐकू जात नाही म्हणून आवाज वाढवणारा, आपल्याच यंत्राच्या कौलावर खूष असणारा, आणि महासागराच्या दुसऱ्या टोकाला काय पोचते हे स्वतः जाऊन न पाहणारा.

पितृपंधरवड्यात पावसाने उघडीप दिली त्या रविवारी मी दुसऱ्या टोकाला गेलो. म्हणजे काय, गच्चीवर.

आधी खालीच परीक्षा घेतली. तेलाच्या डब्यात बुडवलेला पन्नास ओहमचा एक रोध माझ्यापाशी होता. एरियलऐवजी तो लावला की सगळी शक्ती तो गिळतो आणि उष्णता करून टाकतो. प्रक्षेपकाला तो थेट जोडला आणि शक्ती मोजली: १०० वॅट. यंत्र निर्दोष. मग डबा आणि शक्तिमापक घेऊन गच्चीवर गेलो, एरियल सोडवली आणि केबलच्या वरच्या टोकाला तेच जोडले. चांगल्या स्थितीतल्या अशा केबलने वाटेत पाव हिस्सा खाल्ला तरी चालतो. पाऊणशे वॅट वर पोचायला हवेत. सौभाग्यवतींनी खालून माझ्या सांगण्याप्रमाणे कळ दाबली. सुई जागची हलली आणि आठवर थांबली. मला वाटले मापकाची पट्टी चुकली. पुन्हा पाहिले. शंभर वॅट खाली निघत होते आणि वर आठ पोचत होते!

मग मी डबाही काढून टाकला. केबलचे टोक मोकळेच सोडले. ना एरियल, ना रोध. अशा वेळी सगळी शक्ती परत फिरली पाहिजे आणि खालच्या मापकाची सुई शेवटच्या टोकाला जाऊन आदळली पाहिजे. "काय दाखवते?" मी ओरडलो. "तेच," खालून उत्तर आले, "एक पूर्णांक दोनच्या खालीच."

ज्या सुईचे मी कौतुक करत होतो तिचे गुपित हे असे उघडे पडले. विहिरीत हाक मारली तर प्रतिध्वनी येतो. विहीर कापसाने भरली तर येत नाही. काठावरचा माणूस म्हणेल, हाक अगदी तळापर्यंत पोचली, काहीच परत आले नाही! माझी केबल जाताना शक्ती खात होती, आणि टोकावरून जी थोडी परत फिरे तीही वाटेत खात होती. मापकापर्यंत काही परतच येत नव्हते. केबल जसजशी नासत गेली तसतशी सुई सुधारत गेली.

आणि मास्तर मला स्वच्छ का ऐकू येत? त्यांचा आवाज केबलमध्ये जितका कमी होई तितकीच आकाशातली खरखरही कमी होई. दोघांचे प्रमाण तेच राही. मी आवाजाची कळ थोडी वाढवली की झाले. त्यांच्या बाजूला मात्र माझा आवाज तेवढा क्षीण पोचे आणि खरखर होती तेवढीच. एकाच दोषाने मला काही कळू दिले नाही आणि त्यांना काही ऐकू दिले नाही.

ओहममापकाने उरलेली शंका फिटली. दोन्ही टोके मोकळी असताना मधली तार आणि भोवतालची जाळी यांच्यामध्ये काट्याने हलताच कामा नये. तो हलला. 'ग्रेट ईस्टर्न'वर घेत त्याच घराण्यातली ही परीक्षा.

केबल उतरवून मी ती गच्चीवर पसरली आणि वरच्या टोकापासून चिरत निघालो. जोडाला मी चार वर्षांपूर्वी चिकटपट्टी गुंडाळली होती. उन्हाने ती तडकली होती. तिथून पावसाचे पाणी आत गेले आणि जाळीने ते खाली खाली ओढून नेले. पणतीची वात तेल वर ओढते त्याच नियमाने ही जाळी पाणी खाली नेत होती, पावसाळ्यामागून पावसाळा. सौ. वर आल्या, जाळीला बोट लावून पाहिले आणि म्हणाल्या, "ही तर कळकली आहे. कल्हई नसलेल्या पातेल्यात ताक ठेवावं तशी." धातुशास्त्रज्ञाने याहून वेगळे काय सांगितले असते?

अशी ही केबल म्हणजे जुन्या समुद्रतारेची नातच. एका तारेभोवती दुसऱ्या वाहकाची नळी घालून विजेला आत कोंडायचे, ही युक्ती ऑलिव्हर हेव्हिसाइड या जवळजवळ बहिऱ्या इंग्रज संशोधकाने १८८० साली पेटंट करून ठेवली. पूर्वी तारायंत्रावर नोकरी केलेला हा माणूस; मास्तरांच्या आठवणीने मला त्याचे बहिरेपण विशेष जाणवले. मार्कोनी कंपनीच्या फ्रँकलिनने लघुलहरींच्या 'बीम' पद्धतीत एरियलकडे शक्ती नेण्यासाठी एकात एक बसवलेल्या तांब्याच्या नळ्या वापरल्या. त्या पद्धतीची हिंदुस्थानातली केंद्रे आमच्या पुण्याजवळ खडकी आणि दौंड येथे होती. एक पाठवायचे, एक ऐकायचे. आणि १९२७ साली इंग्लंडशी त्यांचा व्यवहार सुरू झाला. पुढे १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या एका रासायनिक प्रयोगशाळेत अनपेक्षितपणे पॉलिथिन हाती लागले, गटापर्चाची जागा त्याने घेतली आणि केबल इतकी स्वस्त झाली की माझ्यासारख्यानेही ती गच्चीवरून सोडावी आणि विसरून जावे. सुधारणा सगळ्या झाल्या. जोडाशी शिरणारे पाणी तेवढे तेच राहिले.

नवी केबल आणली. जोडावर आधी रबरी पट्टी, त्यावर चिकटपट्टी, आणि केबल खाली वळण्यापूर्वी तिला एक झोळ दिला, म्हणजे ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते. दसऱ्याला यंत्राची पूजा केली आणि मास्तरांना पत्र लिहिले. पत्रात इतिहास काहीच नव्हता. 'तुमचे कान ठीक आहेत. दोष माझ्या टोकाला होता. नरकचतुर्दशीला पहाटे सहाला हाक मारतो,' एवढेच लिहिले.

त्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून, ओल्या केसांनीच मी खुर्चीत बसलो. बाहेर फटाक्यांचा कडकडाट चालला होता. मी हाक मारली. खरखर. पुन्हा मारली. मग आवाज आला, सावकाश आणि जरा थकलेला.

"पाच-नऊ," मास्तर म्हणाले. थोडे थांबून पुढे म्हणाले, "तुमच्याकडचे फटाकेसुद्धा ऐकू येताहेत. कानाचं यंत्र घेतलं होतं मी, रत्नागिरीला जाऊन. ते टेबलावर काढून ठेवलंय."

त्या यंत्राला किती पैसे पडले हे मी विचारले नाही आणि त्यांनीही कधी सांगितले नाही. त्यानंतर आठ वर्षे आमची पहाट चुकली नाही. २००४ साली मास्तर गेले. त्यांचा प्रक्षेपक त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या शाळेच्या प्रयोगशाळेला दिला.

अजूनही नवशिकी मुले माझ्याकडे येतात. काका, शक्ती कमी पडते, मोठे यंत्र घेऊ का, असे विचारतात. मी खण उघडतो, तो हिरवा तुकडा त्यांच्या हातावर ठेवतो आणि विचारतो, "दुसऱ्या टोकाला जाऊन मोजलंस का?" बहुतेक मुले मान हलवतात. मग मी त्यांना तेलाचा डबा देतो आणि गच्चीचा जिना दाखवतो.